सोसायटीचे रेशन दुकान: वजन चोख, बाकी सगळे अंगठ्यावर

आधीच सांगते, हे कुठल्या हॉटेलाबद्दल नाही. आमच्या गावच्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीतल्या रेशन दुकानाबद्दल लिहिते आहे. फिशकरी थाळी कुठली चांगली यावर जो तो लिहितो. ज्या दुकानात महिन्यातून एकदा जावेच लागते, त्याच्यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही. मी लग्न होऊन या गावात आल्याला चौदा वर्षे झाली आणि तेव्हापासून घरचा तांदूळ तिथलाच, त्यामुळे तेवढा अधिकार माझा आहे. गावाचे नाव लिहीत नाही, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले आहे एवढे पुरे. गाव लहान, सेल्समन एकच, आणि पुढच्या महिन्यात मला त्यांच्याच पुढ्यात पिशवी धरायची आहे.

इमारत जुनी, मंगलोरी कौलांची. पुढे दोन पायऱ्या आणि बसायला लांब सोपो. आत डावीकडे खताची पोती, काजूवर मारायचे औषध, फवारणीचे पंप. उजवीकडे रेशन. त्यामुळे तांदूळ घरी आणला की पहिल्या दिवशी त्याला युरियाचा वास येतो. दोनदा धुतला की जातो. कोपऱ्यात रॉकेलचा बॅरल अजून उभा आहे, गंजलेला. त्यावर सोसायटीची मांजर झोपते.

वजनाला पाचपैकी पाच. काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असते. माझ्या माहेरी लहानपणी ‘पोत्याची घट’ म्हणून किलोमागे मूठभर तांदूळ कापून घ्यायचे आणि कोणी काही बोलत नसे. इथे तसले नाही. एकदा मुद्दाम बाजारातल्या भुसारी दुकानात पिशवी परत वजन करून बघितली. पंचवीस किलो आणि वर पिशवीचे शंभर ग्रॅम. सेल्समनकाका माणूस चांगला. तांदूळ आले की दारातल्या फळ्यावर खडूने लिहितात, आणि हल्ली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकतात. फक्त त्या ग्रुपवर सकाळच्या सूर्योदयाची इतकी चित्रे येतात, की तांदळाचा मेसेज शोधावा लागतो.

वेळेला मात्र मी दोनच देईन. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी साडेतीन ते सहा. रविवारी बंद. मी डिचोली बाजारात कपड्यांच्या दुकानात कामाला आहे, साडेनऊ ते दीड आणि साडेतीन ते साडेसात. म्हणजे ज्या वेळी रेशन दुकान उघडे, नेमक्या त्याच वेळी मी साड्यांच्या घड्या घालत असते. शिवाय बुधवारी आठवड्याचा बाजार, त्या दिवशी रजेचे नाव काढायचे नाही. पगार साडेनऊ हजार, सव्वीस दिवसांचा. अर्धा दिवस चुकला की एकशे ऐंशी रुपये कापतात. तांदूळ फुकट आहे, आणायला एकशे ऐंशी पडतात. त्यात ‘नेटवर्क ना, फाल्यां येयात’ (उद्या या) असे झाले की तीनशे साठ. पंचवीस किलोला तीनशे साठ म्हणजे किलोला चौदा रुपये आणि वर काही पैसे. कायद्याने तांदूळ तीन रुपये किलो होता, तेव्हा तो मला खरोखरच तीन रुपयांनी पडायचा. कारण तेव्हा अंगठा नव्हता. सासूबाई कार्ड आणि पिशवी घेऊन जायच्या, सोप्यावर बसून गावभरच्या गजाली करून तांदूळ घेऊन यायच्या. माझा अर्धा दिवस मोडत नसे.

मग मशीन आले. घरातल्या कोणाही एकाचा अंगठा जुळला की पुरते, तसे बघायला गेल्यास सोय चांगली आहे. आमच्या घरात पाच माणसे. नवरा ट्रकवर. मुले शाळेत. राहिल्या सासूबाई, आणि त्यांचा अंगठा लागत नाही.

सासूबाईंनी बावीस वर्षे काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी जाळते. राख लावा, खोबरेल लावा, आठवड्याभरात बोटांची साल निघतेच. नवी येते, तीही निघते. बावीस वर्षांनी बोटांची टोके गुळगुळीत झाली, नदीतल्या गोट्यासारखी. उजेडात धरून बघितली तर रेषा शोधाव्या लागतात. रेशनच्या आदल्या रात्री त्या अंगठ्याला खोबरेल चोळतात, सकाळी साबणाने धुतात, पदराला पुसतात. काका मशिनाची काच पुसतात. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी. लाल दिवा. पुन्हा. लाल दिवा. काका हळूच म्हणतात, ‘मांय, लागना गो.’ पहिल्यांदा असे झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘हांव हांगा उबी आसां न्हय?’ (मी इथे उभी आहे ना?) काका काय बोलणार? त्यांना ओळखायला मशीन कशाला हवे, त्या दोघांची घरे एकाच वाड्यावर.

ओटीपीची सोय आहे. पण आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. तो बेळगाव-हुबळीला माल घेऊन जातो. ओटीपी जातो तेव्हा तो अनमोड घाटात असतो, तिथे रेंज नाही. रेंजमध्ये येऊन आकडे सांगतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. एकदा काका मशीन हातात घेऊन रस्त्यापलीकडच्या वडाखाली गेले, कारण तिथे नेटवर्क बरे मिळते, आणि सगळी रांग त्यांच्यामागून वडाखाली. वटपौर्णिमा वाटावी असे दृश्य. हसू आले, पण त्या दिवशी माझे एकशे ऐंशी वाचले म्हणून आले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

२०२० च्या एप्रिलपासून कोविडचे जादा धान्य सुरू झाले. माणशी पाच किलो नेहमीचे, त्याचे पैसे द्यायचे, आणि वर माणशी पाच किलो फुकट. आमचे कार्ड पीएचएच, म्हणजे प्रायोरिटीचे, प्राधान्य कुटुंबाचे; माणसे पाच, म्हणजे पंचवीस आणि पंचवीस मिळून पन्नास. दोनदा अंगठा, दोन पावत्या, दोन पिशव्या. मध्ये २०२० च्या डिसेंबरपासून पाच महिने जादाचे बंद होते, मे २०२१ ला परत सुरू झाले. तेव्हा नवऱ्याला धड काम नव्हते. तो मूळचा खाणीवरचा, टिपर चालवायचा. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात परत बंद. टिपर मालकाने विकला. कोविडात जी काही भाडी मिळायची तीही गेली. त्या काळात घरात काय नव्हते याची यादी मोठी होईल, पण तांदूळ होता. पिंप भरलेले असायचे. पिंप भरलेले असले की सासूबाईंचा आवाज वेगळा असतो.

२०२३ च्या जानेवारीत सोसायटीच्या फळ्यावर लिहिले होते: धान्य मोफत. ठळक खडूने, खाली रेघ ओढून. रांगेतल्या बायका खूश. मीही. काकांनी पैसे घेतले नाहीत, एकदाच अंगठा, एकच पावती. घरी येताना पिशवी हलकी लागली. मला वाटले, दुसरी पिशवी दुकानातच राहिली. परत गेले. काका म्हणाले, ‘वैनी, आता एवढेच.’

हिशेब मी त्या रात्री रेशनकार्डाच्या मागच्या पानावर मांडला, अजून तिथे आहे. तांदूळ तीन रुपये किलो, गहू दोन. सगळा तांदूळच धरला तरी आमच्या पंचवीस किलोचे ७५ रुपये होत. ते ७५ रुपये माफ झाले. आणि दुसरे पंचवीस किलो गेले. तेवढा तांदूळ बाजारात ४५ च्या भावाने घेतला तर ११२५ रुपये. पंच्याहत्तर वाचले, अकराशे पंचवीस गेले, आणि फळ्यावर ‘मोफत’.

खोटे कोण बोलले असेही म्हणता येत नाही. धान्य मोफत झाले हे खरेच. जादाचे धान्य कोविडापुरते होते, दर वेळी काही महिन्यांची मुदत वाढवत आणले होते, डिसेंबर २०२२ ला ते संपले, हेही खरे. जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे हे पाच किलो मोफतच राहणार असे जाहीर झाले आहे, त्याचा आनंदही आहे. पण ‘तुमचे अर्धे झाले’ हे वाक्य मला कोणी सांगितले नाही. ते मला पिशवीने सांगितले. कोविड गेला हे बरोबर, पण तांदळाचा भाव कोविडाआधीच्या जागी गेला का? माझा पगार तेव्हा आठ हजार होता.

आमच्याकडे सकाळी पेज लागते. पेजेला उकडा तांदूळ हवा, रेशनचा सुरय, म्हणजे न उकडलेला, चालत नाही. म्हणून आधी आम्ही रेशनचा दुपारी-रात्री खात असू आणि उकडा विकत घेत असू. जानेवारीनंतर उकड्यात सुरय मिसळायला सुरुवात केली. पेज पांचट होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त मीठ जास्त घालून प्यायल्या. महिन्याच्या बावीस-तेवीस तारखेला पिंपातून तांदूळ काढताना पेला तळाला लागून वाजतो. आधी तो कधी वाजत नसे. मुलगी एकदा म्हणाली, ‘आई, पिंप बोलतंय.’ मी त्या महिन्यापासून बायकांच्या भिशीतून बाहेर पडले. भिशी पाचशेची होती.

दुसरी गोष्ट ई-केवायसीची. कार्डावर ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाने येऊन एकदा बोट लावायचे. नाहीतर त्याचे धान्य थांबणार. मुलांचे झाले, माझे झाले. सासूबाईंचे आधार केंद्रात जाऊन बोटे पुन्हा घेऊन, डोळे दाखवून कसेबसे झाले. नवऱ्याचे राहिले. तो पहाटे चारला निघतो, तिसऱ्या दिवशी रात्री येतो, आणि दुकान रात्री उघडे नसते. एका महिन्यात पावतीवर वीसच किलो आले. कार्डावर नाव आहे, मशिनात नाही. पुढच्या महिन्यात वीस. त्याच्या पुढच्या महिन्यात वीस. शेवटी त्याने एक फेरी सोडली, त्या फेरीचे बाराशे बुडाले, आणि येऊन बोट लावले. त्याचे पहिल्या फटक्यात लागले. मग मी काकांना विचारले, मागचे पंधरा किलो? काका माझ्याकडे बघून नुसते हसले. गेलेला महिना परत येत नाही म्हणे.

यात काकांचा दोष काडीचा नाही, हे लिहिले पाहिजे. सगळे जण त्यांच्यावर ओरडतात, कारण समोर तेच असतात. जो माणूस निर्णय घेतो तो कधी वजनकाट्याच्या मागे बसत नाही.

रांगेत उभे राहिले की आणखी काय काय कापले गेले ते कळते. त्यासाठी पेपर घ्यायला नको. माझी जाऊबाई आमच्यापासून वेगळी राहते. दिराचे वेगळे कार्ड करताना त्याला सांगितले, प्रायोरिटीचा कोटा भरला. हा कोटा २०१३ च्या कायद्याप्रमाणे २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. देशभरात ग्रामीण भागात पंच्याहत्तर टक्के आणि शहरात पन्नास टक्के लोकांना धान्य, पण राज्याराज्याचे आकडे वेगळे आणि गोव्याच्या वाट्याला ५ लाख ३२ हजार माणसे. २०११ नंतर गावात जेवढी लग्ने झाली, जेवढ्या चुली वेगळ्या झाल्या, त्या त्या आकड्यात कुठून येणार? तर जाऊबाईला रेशन जवळपास नाहीच. तिला आधार होता तो गृह आधारचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गृह आधार ही आपल्या राज्य सरकारची २०१२ ची योजना, पर्रीकर मुख्यमंत्री असताना सुरू झालेली. महागाईत घर चालवणाऱ्या बाईच्या हातात थेट पैसे. सुरुवातीला महिन्याला हजार, मग बाराशे, आणि २०१६ पासून दीड हजार. त्यानंतर महागाई वाढली, महागाईसाठीचे दीड हजार तेवढेच राहिले. अट अशी, की नवरा-बायकोचे मिळून वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या वर नको. महिन्याला पंचवीस हजार.

जाऊबाई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे, दीर तिथेच दुसऱ्या कंपनीत हेल्पर. दोघांना आधी अकरा-अकरा हजार होते. मग वाढत वाढत तेरा-तेरा झाले. सव्वीस हजार. वर्षाचे तीन लाख बारा हजार. पडताळणी झाली, उत्पन्नाचा दाखला मागितला, तिने खरा दिला. पैसे बंद. वर्षाला अठरा हजार. म्हणजे अटीपेक्षा बारा हजार जास्त कमावले म्हणून अठरा हजार गेले. दोघांचा पगार पंचवीस हजारांवरच थांबला असता तर ती सहा हजारांनी पुढे असती. ही बेरीज-वजाबाकी तिने मला रांगेत उभ्या उभ्या हातावर बोटाने करून दाखवली. वर म्हणाली, ‘वैनी, ओव्हरटाइम नको म्हणून सांगू का साहेबाला?’ बाजूची एक बाई म्हणाली, आमच्या घरात दोन गाड्या आहेत, तरी आम्हाला अजून येतात, तू दाखला खरा कशाला दिलास? जाऊबाईला त्याचे उत्तर सुचले नाही. मला घरी पोचेपर्यंत सुचले, पण तोवर उशीर झाला होता.

पंचवीस हजार एकशे रुपये मिळवणारे घर आणि लाख रुपये मिळवणारे घर या अटीपुढे सारखेच. मध्ये एखादी पायरी नाही. दीड हजाराचे हजार, मग पाचशे, असे उतरत गेले असते तरी माणूस सावरला असता. इथे एका महिन्यात दीड हजार आणि पुढच्या महिन्यात शून्य. सोसायटीलासुद्धा दोन पायऱ्या आहेत.

माझे माहेर दोडामार्गला, डिचोलीहून अर्ध्या-पाऊण तासावर, पण महाराष्ट्रात. तिकडे २०२४ ला लाडकी बहीण आली. माझी वहिनी राखीपौर्णिमेला फोनवर अशी खूश, दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आलेले. मी म्हटले, बघ, मी सीमेच्या अलीकडे लग्न केले ते चुकलेच. पण पुढे तिच्या खात्यात पाचशेच यायला लागले. काजूची बाग तिच्या नावावर आहे. त्यामुळे तिला केंद्राचे शेतकऱ्यांचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार मिळतात, महिन्याचे हजार झाले, म्हणून बहिणीचे दीड हजारातून हजार वजा. नियमाप्रमाणे बरोबर असेल. बागेत त्या वर्षी काजू किती आला हे मात्र कोणी विचारले नाही. आता तिची माझ्यावरची कुरघोडी संपली आहे आणि आमचे संबंध परत सुधारले आहेत.

गॅसचे तर बोलायलाच नको. आधी सिलिंडर घेतला की काही रुपये खात्यात परत यायचे. २०२० च्या मे महिन्यापासून ते येईनासे झाले. उज्ज्वलावाल्यांना पुढे परत काही तरी सुरू झाले, आमच्यासारख्यांना नाही. सबसिडी बंद झाली असा मेसेज मला कधी आला नाही, फक्त ती यायची थांबली.

सासूबाईंना राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, महिन्याला दोन हजार मिळतात. ते बंद झालेले नाहीत, हे खरे तर आमचे नशीब. येतात ते आपल्या तालात. कधी दोन महिन्यांचे एकदम, चवथीच्या आधी आले की बरे, मग गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे फळे-पानांचे सामान त्यातूनच. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी असे झाले की सोमवारी त्या जिवंत असल्याचा दाखला मिळाला आणि गुरुवारी सोसायटीतल्या मशिनाने त्यांना ओळखायला नकार दिला. त्यांनी पिशवीतून दाखला काढून काकांपुढे धरला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत दिला.

त्याच दिवशी बागलकोटची एक बाई आली होती, बांधकामावरची. तिचे कार्ड कर्नाटकाचे. एक देश एक रेशनकार्ड हे गोव्यात २०२० च्या जानेवारीपासून चालते, तिचे बोट लागले, तांदूळ घेऊन गेली. ही सोय खरोखर चांगली आहे आणि त्यात मला कसलीच तक्रार नाही. परगावी राबणाऱ्याच्या मुलांनी उपाशी का राहायचे? पण सासूबाई सोप्यावर बसून तिच्या पाठीकडे बघत होत्या, ते बघणे मला आठवते.

तांदळाच्या प्रतीबद्दल लिहायचे राहिले. साडेतीन. खडे कमी झाले आहेत. दोनेक वर्षांपासून तांदळात वेगळेच पिवळसर दाणे दिसतात, त्यावरून गावात बराच गोंधळ झाला, प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून. प्लॅस्टिक नाही. तो पोषक तांदूळ आहे, पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घालून दाण्याच्या आकारात केलेला, आणि शंभर दाण्यांना एक या प्रमाणात मिसळतात. पाण्यात टाकले की कधी वर तरंगतो, म्हणून लोकांना शंका. काकांनी ग्रुपवर माहिती टाकली होती, पण ती सूर्योदयांच्या मध्ये कुठे तरी हरवली. सासूबाई अजूनही दुपारी सूप घेऊन बसतात आणि एक एक पिवळा दाणा निवडून बाहेर टाकतात. डॉक्टरांनी त्यांना रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. मी तीनदा समजावले. आता मीच सूप लपवून ठेवते.

कोणाला जायचे असेल तर थोडे कामाचे. पाच तारखेच्या आधी जाऊ नका, माल आलेला नसतो. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत गेलात तर नेटवर्क हमखास जाते, कारण सगळ्यांना तेव्हाच आठवण होते. दुपारी साडेतीनला उघडताना गर्दी कमी. स्वतःची पिशवी न्या, दोन न्या, एक फाटते. सुटे पैसे आता लागत नाहीत. म्हातारे माणूस बरोबर असेल तर सोप्यावर बसायला जागा आहे आणि काका पाणी विचारतात.

गेल्या महिन्यात मला रजा मिळाली नाही. सासूबाई म्हणाल्या, मी बघते. मी दुकानात होते, साडेचारला काकांचा फोन आला. मला वाटले, झाले, परत लाल दिवा. पण काका हसत होते. दहाही बोटे लावून बघितली म्हणे, शेवटून दुसरे लागले, डाव्या हाताचे, करंगळीशेजारचे. बिया फोडताना त्या बोटाला टरफल कमी लागत असणार. पंचवीस किलोची पावती निघाली. शेजारचा मुलगा स्कूटरवरून पिशवी घरी टाकून आला. काकांनी आमच्या कार्डाच्या प्लॅस्टिकवर आतून चिठ्ठी चिकटवून दिली आहे, पुढच्या वेळी शोधत बसायला नको म्हणून: ‘मांय: डावा हात, चौथे बोट.’